आजीच्या पानात काय वाढलंय?

२०१६ सालच्या श्रावणात आईने तिच्या पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "सोनाराकडून जरा लहान करून आण. हातातून निसटतात. परवा एक मोरीतच पडली होती." मी दुसऱ्याच दिवशी गेले. सोनाराने माप विचारलं, मजुरी सांगितली आणि चार दिवसांनी पाटल्या लहान करून दिल्या. आईच्या हातात त्या छान बसल्या. आईही खूश, मीही खूश. पाटल्या का निसटत होत्या, हा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीलाही पडला नाही.

यातली शरमेची बाब पुढे आहे. मी शाळेत बत्तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. साताऱ्याच्या मुलींच्या कितीतरी तुकड्यांना मी फळ्यावर 'चौरस आहार' काढून दाखवला. प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि क्षार यांची कोष्टकं पाठ करून घेतली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेलं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक माझ्या टेबलावर कायम असे. २०१५ साली मी निवृत्त झाले, आणि ज्या घरात ते पुस्तक होतं त्याच घरात माझी आई हळूहळू वाळत चालली होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई मोरीत घसरली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात एक्स-रे झाला, प्लास्टर झालं, कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. "वय झालंय, हाडं ठिसूळ होणारच," असं सांगून आमची बोळवण झाली. त्या सगळ्या धावपळीत आईचं वजन कुणी केलं नाही. मी तरी कुठे केलं होतं? पुढे कधीतरी शेजाऱ्यांचा वजनकाटा आणून तिला त्यावर उभं केलं. काटा एकेचाळीस किलोवर थांबला. मग कपाटातली जुनी फाईल शोधली. २००६ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचं वजन नोंदवलं होतं. बावन्न किलो! दहा वर्षांत अकरा किलो गेले, आणि आम्ही त्याला 'वय' म्हणत होतो.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. आईच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी मऊ भात, त्यावर पातळ वरण, पालेभाजीचा घास, पोळीचा चतकोर. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री ताकभात, आणि ताक तरी कसलं, पाण्यालाच ताकाचा वास. प्रथिनांची बेरीज सोळा-सतरा ग्रॅमच्या पुढे जाईना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं म्हटलं आहे. त्या हिशेबानेही आईला चौतीस ग्रॅम हवी होती. म्हाताऱ्या माणसांना याहून थोडी जास्त, किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, असं या विषयातले अनेक तज्ज्ञ सांगतात. आईला मिळत होती निम्मी. आणि हा झाला साधा दिवस. सोमवार, चतुर्थी आणि दोन एकादश्या वेगळ्याच. त्या दिवशी साबुदाणा. साबुदाण्यात पिष्ट सोडून जवळजवळ काहीच नसतं. प्रथिनांच्या रकान्यात तिथे शून्य लिहिलं तरी चालेल.

मी आईला विचारलं, "अगं, एवढं कमी का खातेस?" ती म्हणाली, "पचत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलंय ना." मग तिने पोथीच्या आत घडी करून ठेवलेला एक कागद काढून दाखवला. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा रक्तदाब थोडा वाढला होता, तेव्हा कुणीतरी दिलेला छापील कागद. तेल-तूप बंद. मीठ कमी. गोड बंद. भात कमी. तळलेलं, आंबट, डाळीचं बंद. आईने तो कागद पोथीइतक्याच श्रद्धेने पाळला होता. त्या कागदावर काय खायचं, याची एकही ओळ नव्हती.

माझं म्हणणं जे आहे ते या एका कागदात आलं. म्हाताऱ्या माणसांनी काय खाऊ नये, हे आपण त्यांना पढवून पढवून शिकवलं आहे. काय खावं, हे शिकवायचं राहून गेलं आहे.

ही माझ्या एकटीच्या घरातली कथा असती, तर रविवारच्या पानावर मांडली नसती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. साठीच्या पुढच्या माणसांपैकी चारांमागे एकाहून थोडी जास्त माणसं उंचीच्या मानाने कमी वजनाची आहेत, असं त्यात दिसलं. आपण वर्तमानपत्रांतून लठ्ठपणावर इतकं वाचतो, की घराघरांतल्या या रोडावलेल्या आजी-आजोबांकडे लक्षच जात नाही. उलट, "आमची आई बघा, पंच्याऐंशीची आहे, पण एक गोळी नाही की किलोभर जास्त वजन नाही," असं आपण कौतुकाने सांगतो. मीही सांगत होते.

म्हातारपणी वजन उतरतं तेव्हा नेमकं काय उतरतं? चरबी उतरली तर त्याचं एवढं दुःख नाही. पण बऱ्याचदा जातो तो स्नायू. १९८९ साली अमेरिकेतले डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. दोन ग्रीक शब्द आहेत ते. एक मांस, दुसरा उणीव किंवा दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य! स्नायू गेला की खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, पायरी चढताना कठड्याला लोंबकळावं लागतं, आणि मोरीत पाय घसरला तर सावरता येत नाही. साधा ताप आला, आठ दिवस अंथरुणावर काढले, की जे काही उरलेलं असतं तेही जातं. तरुण माणूस ते महिन्याभरात भरून काढतो. म्हाताऱ्याला ते जमत नाही, कारण तेवढ्याच प्रथिनांतून त्याचं शरीर पूर्वीइतका स्नायू बांधू शकत नाही. म्हणजे गरज वाढलेली असते आणि भूक मात्र कमी झालेली असते. अडचण ही अशी आहे.

भूक कमी होण्याला कारणं असतात, आणि ती नुसती 'वय' या एका शब्दात कोंबू नयेत. जिभेची चव आणि नाकाचा वास मंदावतो. पोटातलं अन्न हळू पुढे सरकतं, त्यामुळे चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. तोंड कोरडं पडतं. कवळी सैल झालेली असते, ती हिरडीला टोचते, मग भाकरी सुटते, चणे-फुटाणे सुटतात, मटण सुटतं आणि राहतो फक्त मऊ भात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनसारखं औषध काहींची भूक मारतं. रात्री बाथरूमला उठावं लागू नये म्हणून पाणी तोडलं जातं, त्यातून बद्धकोष्ठ आणि बद्धकोष्ठातून पुन्हा अन्नावरची वासना उडणं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे एकट्याने जेवणं. समोर कुणी नसलं की स्वयंपाकाला हात लागत नाही आणि घास घशाखाली उतरत नाही.

आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या बायका जन्मभर शेवटच्या पंगतीत बसल्या. आधी पुरुष, मग मुलं, मग आला-गेला, आणि मग भांड्याच्या तळाशी जे उरेल ते. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. अमेरिकेहून आलेल्या त्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको. आई तेव्हा आम्हा भावंडांच्या पानात भाकरी टाकायची आणि स्वतः "मला आज भूकच नाही" म्हणायची. ते वाक्य तिच्या तोंडात असं बसलं, की पुढे घरात सुबत्ता आली, फ्रिज आला, तरी ते गेलं नाही. त्या वेळी त्या वाक्याने आम्हाला जगवलं. ब्याऐंशीव्या वर्षी तेच वाक्य तिच्या जिवावर उठलं होतं.

आपली परंपराही इथे जरा तोकडी पडते. बाळंतिणीसाठी आपल्याकडे केवढा थाट! अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाजरी, शेपू, दिवसाला काय द्यायचं याचं वेळापत्रक प्रत्येक आजीला तोंडपाठ. आजारातून उठलेल्याला मेतकूट-भात, लहान मुलाला नाचणीचं सत्त्व. पण त्या आजीला स्वतःला काय द्यावं, याचं वेळापत्रक मात्र कुणी बसवलं नाही. म्हातारपणी आहार आटोपता घ्यावा, वासना कमी कराव्यात, एवढंच सांगितलं गेलं. विरक्ती मोठीच गोष्ट आहे, पण ती स्नायूंना कळत नाही.

मी आईच्या पानापासून सुरुवात केली. बिस्किटांच्या जागी मुगाचं मऊ धिरडं. वरण घट्ट, आणि त्यावर तूप, कारण तुपाशिवाय तिला भात जायचा नाही. भाजीत आणि आमटीत शेंगदाण्याचं कूट. ताकाच्या जागी वाटीभर घट्ट दही. चार वाजता चहाच्या आधी कपभर दूध, कधी त्यात नाचणीचं सत्त्व. रात्री पिठलं-भात, नाही तर मुगाचं कढण. एकादशी मोडली नाही. ती मोडायला सांगितलं असतं तर आईने माझं एकही ऐकलं नसतं. एकादशीला वरईच्या भातावर शेंगदाण्याची दाट आमटी, राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं. मूत्रपिंडं ठीक आहेत याची तपासणी करून घेतली, कारण ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी प्रथिनं आपल्या मनाने वाढवायची नसतात. शिवाय रोज सकाळी खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं. स्नायूला नुसतं खायला घालून भागत नाही, त्याला कामही द्यावं लागतं.

आता बेरीज अडतीस-चाळीस ग्रॅमपर्यंत गेली. यातला एकही पदार्थ बाहेरून आणलेला नव्हता. महागड्या पावडरींचे डबे आणायचे का, असं भावाने विचारलं होतं. ज्यांना खरोखरच घास जात नाही, त्यांना डॉक्टर त्या देतात आणि तिथे त्यांचा उपयोगही होतो. आमच्या घरात त्याआधीचं बरंच करायचं बाकी होतं. आठ महिन्यांत आईचं वजन चव्वेचाळीस झालं. तीन किलो म्हणजे काही मोठी मजल नव्हे. पण ती पुन्हा एकटी अंगणात जायला लागली, आणि लहान केलेल्या पाटल्या मनगटावरून पुढे जाईनात म्हणून कुरकुरायला लागली. सोनाराची मजुरी मी दुसऱ्यांदा दिली, आणि ती देताना मला जेवढा आनंद झाला तेवढा सोनं घेताना कधी झाला नव्हता.

त्याच सुमारास आई मला एकदा म्हणाली, "तू शाळेत हेच शिकवायचीस ना गं? मग घरी कधी बोलली नाहीस." ती रागाने बोलली नव्हती, सहज बोलली होती. मला मात्र त्यावर उत्तर सापडलं नाही.

कदाचित त्याच्याच टोचणीने मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात 'उतारवयातील आहार' या विषयावर व्याख्यान द्यायचं कबूल केलं. तक्ते नेले, ग्रॅम सांगितले, जीवनसत्त्वांची यादी वाचली. टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली, चहा झाला. चहाबरोबर दोन बिस्किटं होती. महिन्याने चौकशी केली तर एकाच्याही जेवणात तिळभर फरक पडला नव्हता. बत्तीस वर्षं शिकवूनही मला एवढं कळलं नव्हतं, की सत्तरीचा विद्यार्थी तक्त्यावरून शिकत नाही. त्याचं सगळं आयुष्य जेवण्यात गेलेलं असतं. त्याला जेवायला कसं शिकवणार?

दुसऱ्या खेपेला मी फळा घेतला आणि त्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं, 'मला काय वर्ज्य आहे'. दुसऱ्यावर, 'मी काय खायला हवं'. मग म्हटलं, आता तुम्ही सांगा. पहिला रकाना खालपर्यंत भरला. तूप, मीठ, साखर, भात, बटाटा, केळं, आंबा, अंडं, दाणे, खोबरं, हरभऱ्याची डाळ, दही, वांगं... साखरवाल्यांचं वेगळं, प्रेशरवाल्यांचं वेगळं, पित्तवाल्यांचं वेगळं, आणि ज्यांना काहीच नव्हतं त्यांनीही शेजाऱ्याचं पथ्य खबरदारी म्हणून उचललेलं. दुसऱ्या रकान्यात चार शब्द आले. फळं, पाणी, सॅलड आणि 'हलकं'. सॅलड सांगणाऱ्या काकांच्या तोंडात एकही दात नव्हता. आधी तेच हसले, मग सगळेच हसलो.

पथ्य खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. मधुमेह्याने साखर सांभाळायची, रक्तदाबवाल्याने मीठ सांभाळायचं, हे खरंच आहे. पण पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला दिलेलं पथ्य ऐंशीच्या रोडावलेल्या माणसाला तसंच्या तसं चालवणं धोक्याचं असतं. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संघटनेची वृद्धांच्या आहाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जेवणच कमी होईल अशी बंधनं म्हाताऱ्या माणसांवर घालणं टाळावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. पथ्याचा कागद दर वर्षी डॉक्टरांना पुन्हा दाखवावा आणि विचारावं, 'यातलं आता काय सोडू शकतो?' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही व्याख्यान बंद केलं आणि वर्ग सुरू केला. महिन्यातून एकदा. आल्या-आल्या वजन करायचं आणि ते स्वतःच्या वहीत लिहायचं. मग काल काय खाल्लं ते सांगायचं. मी घरून वाट्या, चमचे आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा नेते. ग्रॅम कुणाच्या लक्षात राहत नाहीत, वाटी राहते. घट्ट वरणाची एक वाटी, मूठभर दाणे, एक अंडं, कपभर दूध, वाटीभर दही यांतलं प्रत्येक म्हणजे साधारण पाच ते सात ग्रॅम प्रथिनं, एक 'खूण'. दिवसाला अशा पाच-सहा खुणा झाल्या पाहिजेत आणि त्या सकाळ-दुपार-रात्र वाटून झाल्या पाहिजेत. बाकीचं भात-भाकरीतून येतं. आमच्या वर्गातल्या आज्या आता एकमेकींना फोन करून विचारतात, "किती खुणा झाल्या गं आज?"

वर्गाला मी सुनांना, मुलांना, स्वयंपाकाच्या मावशींनाही बोलावते. एकदा एका सासूबाईंनी आपल्या कालच्या जेवणात अर्धी पोळी सांगितली. सून म्हणाली, "त्या पचत नाही म्हणतात, म्हणून मी अर्धीच वाढते." सासूबाई म्हणाल्या, "ती अर्धी वाढते, म्हणून मी मागत नाही." दोघीही एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि त्यात पोळी अर्धी होत होती. यात दोष कुणाचा म्हणायचा? अशा घरांत भांडणं नसतात, उपासमारही कुणाला दिसत नाही. ती सभ्यपणे चालू असते.

पुरुषांची तऱ्हा निराळी. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, पत्नी गेल्यावर दोन वर्षं चहा-टोस्ट, चिवडा आणि खानावळीच्या डब्यातला अर्धा भाग यावर राहत होते. मुलगा परदेशात. त्यांना आहारशास्त्र सांगून काय होणार होतं? कुकरची शिट्टी कशी लावतात, हेच त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आम्ही फक्त आजोबांसाठी एक वर्ग घेतला. एका कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ, त्यावर बटाटा. अंडी उकडणं. दाण्याचं कूट करून बरणीत भरणं. काकांनी पहिल्यांदा वरण केलं त्या दिवशी डबा भरून वर्गात आणलं होतं. मीठ विसरले होते. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

आता कटू भाग. एकदा वर्गाला भांडी-धुणी करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, पंचाहत्तरीच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बाई, डाळीचा भाव ठाऊक हाय न्हवं?" मला ठाऊक होता. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली हजाराची दीड हजार झाली. त्यात औषध, वीज, भाडं आणि जेवण बसवायचं. रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळतो, म्हणून पोट भरतं. डाळीचं तसं नाही, म्हणून प्रथिनांचा रकाना रिकामा राहतो. अशा माणसाला नुसती माहिती देणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा देणं. हुलगे, मटकी, शेंगदाणे, अंडं यांतून थोडं स्वस्तात भागवता येतं, ते मी सांगते. पण रेशनच्या पिशवीत दर महिन्याला किलोभर डाळ पडली, तर माझ्या वर्षभराच्या वर्गांहून जास्त काम होईल, हे मला मान्य आहे.

सरकारला पोषण कळत नाही असं नव्हे. एकात्मिक बाल विकास योजना १९७५ पासून चालू आहे. अंगणवाडीतली ताई बाळाचं वजन करते, तक्त्यावर टिंब काढते, रेघ खाली गेली की घरी येऊन विचारते. २०१८ साली पोषण अभियान आलं, तेही बालकं, किशोरी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आता एवढंच करायचं आहे, की बाळाच्या वजनाची रेघ जशी आपण पाहतो, तशी आजीच्या वजनाचीही पाहायची. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना त्याच कागदावर वजन लिहायचं, आणि मागच्या वेळेपेक्षा कमी असेल तर विचारायचं, 'काय जेवता?' यासाठी नवी योजना, नवं नाव, नवा फोटो काही लागत नाही.

तोवर घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी सांगते. १९९० च्या दशकात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वृद्धांचं पोषण तपासायची एक प्रश्नावली तयार केली. तिचं छोटं रूप सहा प्रश्नांचं आहे. गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का? वजन उतरलंय का, आणि ते तीन किलोंहून जास्त का? माणूस घराबाहेर पडतो की खोलीतच असतो? या काळात मोठं आजारपण किंवा मनाला मोठा धक्का? विसराळूपणा किंवा खिन्नता? आणि उंचीच्या मानाने वजन किती? वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्यावी आणि पोटरीचा सगळ्यांत जाड घेर मोजावा. तो एकतीस सेंटिमीटरहून कमी भरला, तर काळजी घ्यायला हवी. ही मापं मूळ परदेशातली आहेत, त्यामुळे त्यांवरून निदान करू नये, पण डॉक्टरांकडे जायला तेवढं कारण पुरे. जाल तेव्हा बी-१२ बद्दलही विचारा. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसतं, वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी झालं की ते नीट शोषलं जात नाही, आणि मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी ते घटतं. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरणं ही सगळी म्हातारपणाचीच लक्षणं असतील असं नाही.

आई २०२० साली गेली, शहाऐंशीव्या वर्षी, चार दिवसांच्या आजारात. शेवटपर्यंत ती आपल्या पायांनी मोरीपर्यंत गेली. तिचं आयुष्य मी वाढवलं, असा दावा मी करणार नाही. ती चार वर्षं तिने उठून-बसून, भांडून, अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालून काढली, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आज रविवार. दुपारी सगळे घरी असतील, काहीतरी विशेष रांधलं असेल. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना आज शेवटी बसू देऊ नका, सगळ्यांबरोबर बसवा. त्यांच्या पानात काय आहे ते एकदा नीट पाहा. वरण घट्ट आहे का, दह्याची वाटी आहे का, चावता येईल असं काही आहे का. आणि त्या "मला भूकच नाही" म्हणाल्या, तर लगेच मान डोलावून पुढे जाऊ नका. थोडं थांबा, आणखी एकदा विचारा. पोटात भूक असून नाही म्हणायची सवय त्यांना फार जुनी आहे.